ड्युटी लिस्ट कोण लावतं ते आधी सांग

नर्सिंगमध्ये करिअर कसं वाढतं असं कुणी नवीन मुलीनं विचारलं की मी डिग्री, कोर्स, जर्मनी-बिर्मनी सगळं नंतर सांगते, आधी विचारते, अगं तुझ्या वॉर्डची ड्युटी लिस्ट कोण लावतं आणि तिचं तुझं जमतं का? बाहेरच्यांना हे फारच छोटं वाटतं. बँकेतल्या आणि आयटीतल्या माझ्या भावंडांना अजून कळलेलं नाही की शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर लिस्टचा फोटो पडला की आम्ही सगळ्या तो बोटांनी मोठा करून करून का बघतो, जसा काही दहावीचा रिझल्ट लागलाय. रिझल्टच असतो तो.

पुढच्या आठवड्यात नाइट किती, ऑफ कधी, पोराच्या गॅदरिंगला जाता येणार की नाही हे तर त्यात असतंच, पण आयसीयूत पोस्टिंग मिळणार की जनरल वॉर्डातच वर्षं काढायची हेही त्याच कागदावर ठरतं, आणि परदेशात जायचं असलं तर एजंटचा पहिला प्रश्न आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर), कॅज्युअल्टीचा अनुभव किती हाच असतो. पोस्ट बेसिकची, म्हणजे डिप्लोमानंतरच्या डिग्री कोर्सची, एन्ट्रन्स रविवारी सकाळी आणि तुला शनिवारची नाइट, झालं, ते वर्ष गेलं. ओईटीचा, म्हणजे परदेशातल्या नोकरीसाठीच्या इंग्रजी परीक्षेचा, क्लास संध्याकाळी सहाला आणि तुला सलग तीन आठवडे इव्हिनिंग. यातलं काहीही कुणी मुद्दाम केलं असं सिद्ध करता येत नाही, ड्युटी ती ड्युटी.

माझं सांगते. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात माझं दुसरंच वर्ष होतं. एका आजोबांचे किडनीचे रिपोर्ट आधीच बिघडलेले आणि फाइलवर पोटॅशियमची ऑर्डर लिहिलेली, किडनी बिघडलेली असताना ते जिवावर बेतू शकतं, आरएमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) फोन उचलेना म्हणून मी सरळ कन्सल्टंटना फोन लावला, इन्चार्ज सिस्टरांना (ड्युटी लिस्ट त्याच लावायच्या) न विचारता, कारण त्या जेवायला गेल्या होत्या. ऑर्डर बदलली. इथवर ठीक होतं. दुसऱ्या दिवशी राउंडला सरांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेऊन शाबास म्हटलं आणि तिथेच माझे ग्रह फिरले. सिस्टर मला एक शब्द बोलल्या नाहीत, ओरडल्या नाहीत, मेमो वगैरे तर नाहीच. पुढचे तीन महिने ऑफ कधी मंगळवारी तर कधी शुक्रवारी, नाइट संपली की दुसऱ्याच दिवशी दुपारची ड्युटी, आणि आयसीयूला पाठवायच्या दोन नावांत माझं नाव होतं ते कुठे गेलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. एचआरकडे जाऊन काय सांगणार होते, माझा ऑफ मंगळवारी येतो म्हणून?

आता दुसरी बाजूपण सांगते नाहीतर अर्धंच होईल. त्याच सिस्टरांनी मला मॉनिटर ओरडायच्या आधी पेशंटचा चेहरा बघून ओळखायला शिकवलं की हा खाली चाललाय. ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटचा ताबा, घेताना फाइल नंतर, आधी बेडपाशी जाऊन ड्रेन, युरीन बॅग, सलाइनची सुई स्वतःच्या डोळ्यांनी बघायची, ही सवय त्यांची. म्हणजे बाई वाईट होती असं म्हणून मला मोकळं होता येत नाही.

हे असले किस्से सांगितले की समोरचा लगेच म्हणतो, बायकांचं असंच असतं, बायकाच बायकांच्या वैरी. या वाक्याचा मला मनापासून कंटाळा आलाय. जगातल्या नर्सेसपैकी साधारण ९० टक्के बायका आहेत असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा अहवाल सांगतो, त्यामुळे नर्सिंगमधलं काहीही बिनसलं की ते बायकांच्या स्वभावावर ढकलायला सोपं जातं. एसटी डेपोत, पोलीस ठाण्यात ड्युटी लावणारा आणि करणारा दोघेही बहुतेक पुरुषच असतात, तिथे खुन्नस काढत नाहीत का? तिथे त्याला राजकारण म्हणतात, आमच्याकडे आलं की बायकांची भांडणं.

खरं कारण पाढ्यात आहे. माझ्या आत्ताच्या वॉर्डात ४० बेड आणि ८ स्टाफ. एका पाळीला दोघी म्हटलं तर दिवसाच्या ६ ड्युट्या, आठवड्याच्या सहा सत्ते बेचाळीस. आठ जणींनी आठवड्याला सहा-सहा ड्युट्या केल्या तर आठ सक अठ्ठेचाळीस. हातात उरल्या सहा. एक जण मॅटर्निटी लीव्हवर गेली की सात सक बेचाळीस, शिल्लक शून्य. आता कुणाला ताप आला, कुणाचे सासरे गेले, आयसीयूवाल्यांनी एक जण उसनी मागितली, की कुणाचा तरी ऑफ जाणार किंवा कुणीतरी डबल करणार हे ठरलेलं, प्रश्न एवढाच की कुणाचा, आणि त्याला कुठलाही लिहिलेला नियम नाही, इन्चार्जच्या मनात येईल तो नियम. इंडियन नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण टीचिंग हॉस्पिटलला ३ बेडमागे १ नर्स आणि बाकीच्यांना ५ मागे १ असं आहे, पण त्याच्यावर रजांसाठी म्हणून ३० टक्के जास्तीचा स्टाफ धरलेला आहे. आमच्याकडे ४० ला ८, म्हणजे हिशेब कसा अगदी बरोबर, मॅनेजमेंट छाती पुढे काढून सांगतं. ३० टक्क्यांची ओळ मात्र कुणी वाचलेली नाही. त्या दोन-तीन जणी जास्तीच्या असत्या ना तर आमच्यातली अर्धी भांडणं झालीच नसती असं माझं स्पष्ट मत आहे, कारण सुट्टी हक्कानं मिळाली की तिच्यासाठी कुणाच्या मागे-पुढे करावं लागत नाही.

हे मला कळलं ते स्वतः इन्चार्ज झाल्यावर, तीन वर्षांपूर्वी. झाल्या झाल्या मी काय केलं असेल? तेच केलं. सून सासू झाली की सासुरवास विसरते म्हणतात तसं. मुद्दाम नाही केलं, पण रोज कुणाला ना कुणाला नाही म्हणायचंय तर माणूस कुणाला म्हणतं, जी भांडत नाही तिला. एक हिंगोलीकडची मुलगी होती, हॉस्टेलवर राहायची, कधी तोंड उघडून काही मागितलं नाही, आणि महिनाअखेरीस रजिस्टर मोजताना बघते तर तिच्या १३ नाइट. जी माझ्याबरोबर डबा खायची, जिच्या मुलीला मी ओळखते, तिच्या ४. मी बसून मुद्दाम हे केलं असतं तर निदान लाज तरी वेळेवर वाटली असती.

मग सगळं नात्यावरच का येऊन थांबतं, तर वर जायला दुसरी शिडीच नाही. सरकारी दवाखान्यात कागदावर तरी आहे, अधिपरिचारिका, मग परिसेविका, मग सहाय्यक अधिसेविका, मग अधिसेविका (हे शब्द इतके जड आहेत की माझी आई सगळ्यांना सरसकट मेट्रनच म्हणते). पण वरच्या जागा मोजक्या, सगळा मामला सिनिऑरिटीचा, आणि कित्येक जणी परिसेविका होऊन रिटायर होतात. एनएचएम (राष्ट्रीय आरोग्य अभियान) सारख्या कंत्राटावर असलेल्या मुलींना तर तीही शिडी नाही, त्यांना नेमणुकीची ऑर्डर रिन्यू होणं हेच प्रमोशन. आणि रिन्यूअल कुणाच्या तरी शेऱ्यावर, म्हणजे परत नात्यावर. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी नर्सेस एजन्सीमार्फत भरतीच्या विरोधात संपावर गेल्या आणि २०२५ च्या जुलैमध्ये परत कंत्राटी भरती आणि पगारातल्या त्रुटींवरून आझाद मैदानात बसल्या, तेव्हा टीव्हीवाले पेशंटचे हाल दाखवत होते, ते दाखवावेतच, पण कायम नोकरी आणि कंत्राट यात फरक फक्त पैशाचा नाही हे कुणी बोललं नाही. कंत्राटातल्या मुलीला चुकीच्या ऑर्डरवर बोट ठेवायची हिंमत होत नाही. मी ज्या पोटॅशियमवर फोन केला तो मी कंत्राटावर असते तर केला असता का? माहीत नाही.

खासगीत तर गंमतच आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलेली, १५ वर्षं अनुभव असलेली बाई आणि काल बीएससी होऊन आलेली मुलगी एकाच पाळीला, पगारात हजार-दोन हजाराचा फरक, तोही कधी कधी उलटा. मग सिनिअर फ्रेशरला शिकवेल का कोपऱ्यात घेईल? ज्यांना वाढायचं असतं त्या पेशंटपासून लांब जातात, कुणी इन्फेक्शन कंट्रोलला, कुणी क्वालिटीत एनएबीएचच्या (हॉस्पिटलला दर्जाची मान्यता देणारी संस्था) फाइली करायला, कुणी एमएससी करून कॉलेजात शिकवायला, कारण तिथे दिवसाची ड्युटी आणि रविवार घरी. यात त्यांची चूक नाही, मीही प्रयत्न केला होता. पण आमच्या धंद्यात बढती म्हणजे बेड सोडणं, आणि बेडपाशी उत्तम काम करणाऱ्या बाईला बेडपाशीच ठेवून वर न्यायची सोय नाही. इंग्लंडात गेलेल्या मैत्रिणी सांगतात की तिथे २००४ पासून पगाराचे बँड आहेत, नर्स पाचव्या बँडला लागते, सहाला सिनिअर, सातला वॉर्ड मॅनेजर, आणि कुठल्या बँडला काय यायला हवं ते लिहिलेलं असतं. म्हणजे तिथे स्वर्ग आहे असं नाही, बाहेरून आलेल्या नर्सेस वर्षानुवर्षं पाचव्याच बँडला अडकतात ही तिथलीही तक्रार आहेच, पण निदान कशात अडकलो ते सांगायला एक आकडा तरी आहे.

आमच्याकडे आकड्याऐवजी नाती आहेत. कधी लक्षात आलंय का, हॉस्पिटलात सगळ्यांना नात्यानं हाक मारतात, सिस्टर, ब्रदर, मामा, मावशी, आणि फक्त डॉक्टर तेवढे सर आणि मॅडम. पंचवीस वर्षांचा रेसिडेंट पन्नाशीच्या बाईला ‘ओ सिस्टर’ म्हणतो, तिचं नाव त्याला ठाऊक नसतं. ऐकायला फार घरगुती वाटतं पण घरगुती झालं की ओव्हरटाइम मागता येत नाही, आपल्याच घरात कुणी ओव्हरटाइम मागतं का! नर्सेस डेला केक कापून ‘आपण सगळे एक फॅमिली’ म्हणणारे लोक मला म्हणून आवडत नाहीत. माझी फॅमिली घरी आहे आणि ती त्या १२ मेला माझी वाट बघत होती.

मोठ्या पातळीवरही तेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर हॉस्पिटलातल्या डॉक्टर मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर हॉस्पिटलमधल्या सुरक्षिततेसाठी सुप्रीम कोर्टानं नॅशनल टास्क फोर्स नेमला, त्यात मोठमोठे डॉक्टर होते, सरकारी सचिव होते, नर्स एकही नव्हती. रात्रभर वॉर्डात कोण असतं? आणि ज्या देशात, मुंबईत, १९७३ साली केईएममध्ये ड्युटीवर असताना नर्स अरुणा शानबागवर हल्ला झाला, तिला पुढे ४२ वर्षं तिथल्याच नर्सेसनी सांभाळलं, २०१५ ला ती गेली तोपर्यंत, त्या देशात नर्सला या विषयातलं काही कळत असेल असं कुणाला सुचू नये? केईएमच्या त्या पोरींचं मला नेहमी वाटतं की आमच्यातली नाती कशी असू शकतात ते बघायचं तर तिथे बघा, जिला कधी बोलताना पाहिलं नाही अशा सहकारिणीला नंतर लागलेल्या मुलींनीसुद्धा आपलं मानलं, पाळ्या लावून. ‘बायकाच बायकांच्या वैरी’वाल्यांनी याचं उत्तर द्यावं.

आता एक नाजूक विषय, मल्याळी लॉबी. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात मराठी नर्सेसच्या चेंजिंग रूममध्ये हा शब्द ऐकू येतोच, त्या एकमेकींत मल्याळममध्ये बोलतात, आपल्याच मुलींना आयसीयू देतात, एकमेकींना कव्हर करतात. मीही हे बोललेय. पण एकदा नाइटला एका मल्याळी ज्युनिअरशी बोलत बसले तेव्हा कळलं की तिला कॉलेजच्या तिसऱ्या वर्षापासून माहीत होतं की एनसीएलईएक्सला (अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची परीक्षा) काय वाचायचं, कुठला एजंट फसवतो, अनुभवाच्या सर्टिफिकेटवर डिपार्टमेंटचं नाव कसं लिहून घ्यायचं, कारण तिची मावशी कुवेतला, चुलत बहीण आयर्लंडला, शेजारीण दिल्लीला. मला हे सगळं तिशीनंतर कळलं. आपण ज्याला लॉबी म्हणतो ती निम्मी तरी माहितीची साखळी आहे, आणि आपल्या सिनिअर बायांनी आपल्याला काय दिलं, तर ‘आम्ही भोगलं, आता तुम्ही भोगा’.

आणि त्या एकजुटीनं त्यांनी मिळवलंय हे मान्य करायला हवं. २०११ मध्ये मुंबईत एका मल्याळी नर्सनं आत्महत्या केली, बॉन्ड (ठरावीक काळ नोकरी सोडता येणार नाही असा करार) आणि अडकवून ठेवलेल्या सर्टिफिकेटांच्या जाचातून झालं असं तेव्हा पेपरात आलं होतं, आणि त्यानंतर मुंबईपासून केरळपर्यंत नर्सेस रस्त्यावर आल्या, केरळात खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसची संघटना त्याच वर्षी उभी राहिली. पुढे २०१६ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं खासगी नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं, समितीनं म्हटलं की २०० बेडच्या वर असाल तर सरकारी नर्सएवढाच पगार द्या आणि ५० बेडच्या आतलं छोटं हॉस्पिटल असलं तरी २०,००० च्या खाली जाऊ नका. शिफारस सगळ्या राज्यांना सारखीच होती. केरळच्या पोरींनी संप करून करून २०१८ च्या एप्रिलमध्ये २०,००० चा किमान पगार तिथल्या सरकारकडून नोटिफाय करून घेतला. आमच्याकडे त्या वर्षी मी किती जणींना विचारलं की ही समिती माहितेय का, एकीला माहीत होती, आणि ती मल्याळी होती.

आता आपल्याकडेही हवा बदलतेय म्हणा. २०२४ ला महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला तेव्हापासून माझ्या वॉर्डातल्या दोघी जर्मन शिकतायत, औषधांची ट्रॉली ढकलताना डेअर, डी, डास पाठ करतात. चांगलंय. पण त्यांना तिकडे का जायचंय असं विचारलं तर पगार दुसऱ्या नंबरला येतो, पहिलं उत्तर येतं की तिथे महिनाभर आधी ड्युटी कळते.

सिनिअर मंडळींचं म्हणणं मी ऐकून आहे की आजकालच्या मुली टिकत नाहीत, जरा बोललं की राजीनामा, शिस्त नको असते. थोडं खरंही आहे, इन्चार्ज म्हणून मलाही सकाळी साडेसातला ‘मॅम आय ॲम नॉट कमिंग’ असे मेसेज येतात आणि डोकं फिरतं. पण मुली टिकत नाहीत तर टिकल्यावर काय मिळतं ते तरी दाखवा ना. आणि मॅनेजमेंटचं औषध ठरलेलं, कम्युनिकेशन स्किल्सची वर्कशॉप. एक सूट घातलेला माणूस येतो, आम्हाला फुगे फुगवायला लावतो, टीम बिल्डिंग म्हणे, आणि त्या वर्कशॉपला मुली येतात त्या नाइट करून, झोप न घेता, कारण अटेंडन्स कम्पल्सरी.

मला विचाराल तर मागणं फार मोठं नाही. त्या ३० टक्के जागा भरा. महिन्याची लिस्ट आधी लावा, आणि कुणाला किती नाइट, किती रविवार ते सगळ्यांना दिसेल असं लावा. आयसीयूला कोण जाणार ते अर्ज मागवून ठरवा. शिकायला जाणाऱ्या मुलीची जागा दोन वर्षं राखून ठेवा, वाटलं तर त्याबदल्यात परत आल्यावर तेवढी वर्षं काम करायचं लिहून घ्या, पण तिची ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात कोंडू नका. आणि बेडपाशी राहून पगार वाढेल असे तीन-चार टप्पे करा. यात इन्चार्जचा अधिकार कमी होतो, होऊ दे की, मला तो नकोच आहे, त्यानं माझ्या मैत्रिणी कमी झाल्या.

माझ्या हातात यातलं एकच होतं. गेल्या वर्षी मी चेंजिंग रूममध्ये खिळ्याला बँडेजच्या पट्टीनं दोनशे पानी वही बांधली, ज्याला जो ऑफ हवा त्यानं तारीख आणि कारण लिहायचं, दिला की नाही ते मी पुढे लिहिणार, नाही दिला तर का ते पण. पहिला महिना नुसती भांडणं, ज्यांना कायम रविवार मिळायचा त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं, एकीनं तर कारणाच्या जागी ‘वैयक्तिक’ एवढंच सहा वेळा लिहिलं. मेट्रन मॅडमनी विचारलं, ही वही कुणाला विचारून लावली? मी म्हटलं, मॅडम, एनएबीएचवाले आले की दाखवता येईल. त्या काही बोलल्या नाहीत, वही राहिली.

हिंगोलीच्या त्या मुलीनं चार महिने त्यात काहीच लिहिलं नाही. मग एकदा बारीक अक्षरात, रविवार, पोस्ट बेसिक एन्ट्रन्स. तिची शनिवारची नाइट काढायची म्हणजे दुसरी कुणीतरी हवी, आणि त्या आठवड्यात एक जण लीव्हवर, एक डेंग्यूनं ॲडमिट, हिशेब परत बेचाळीसच्या खाली. ती नाइट मी केली, सकाळी साडेआठला ओव्हर दिला आणि घरी येऊन संध्याकाळपर्यंत झोपले, नवऱ्यानं विचारलं इन्चार्जला पण नाइट असते का?